रॉकेट कुणाला द्यायचं? ह्यूगो पुरस्काराची मतमोजणी

पदवीधर मतदारसंघाचा निकाल टीव्हीवर बघायला बसलेला माणूस रात्री बाराच्या सुमारास कंटाळून झोपायला जातो. पहिल्या पसंतीची मतं मोजून झालेली असतात, आघाडीवर कोण हेही कळलेलं असतं, तरी निकाल काही लागत नाही. आता शेवटचा उमेदवार बाद, आता त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती, असं करता करता उजाडतं. आणि कधीकधी उजाडल्यावर गुलाल भलत्याच्याच कपाळी लागलेला असतो.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या जगातला सर्वांत नावाजलेला ह्यूगो पुरस्कार अशाच मोजणीने ठरतो. फरक एवढाच, की इथल्या मतदाराला पदवी लागत नाही. साधारण पन्नास डॉलर वर्गणी भरली की तो मतदार झाला, मग तो सिएटलचा असो की सांगलीचा.

पुरस्काराला नाव आहे ह्यूगो गर्न्सबॅक यांचं. १९२६ साली 'ॲमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक त्यांनी अमेरिकेत सुरू केलं. पुढे या वाचकांचं जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला भरलं. त्याला वर्ल्डकॉन म्हणतात. १९५३च्या फिलाडेल्फियाच्या वर्ल्डकॉनमध्ये पहिल्यांदा रॉकेटच्या आकाराची चकचकीत सन्मानचिन्हं वाटली गेली. १९५४ साली मात्र पुरस्कार दिलेच गेले नाहीत. १९५५पासून मग आजतागायत खंड नाही.

पुरस्कार देणारी संस्था मोठी गमतीची आहे. तिला ना कायमचं कार्यालय, ना पगारी नोकरवर्ग. आपलं साहित्य संमेलन जसं गावोगाव फिरतं तसं वर्ल्डकॉनही फिरतं आणि दरवर्षी वेगळ्या शहरातली हौशी मंडळी ते भरवतात. त्या वर्षीची समितीच सभासद नोंदवते, मतपत्रिका काढते आणि मतंही मोजते. हा मुद्दा डोक्यात असू द्या, पुढे लागणार आहे.

साहित्याचा पुरस्कार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षक येतात. तीन जाणती माणसं पुस्तकं वाचणार, बंद खोलीत चर्चा करणार आणि एक नाव बाहेर येणार. या पद्धतीत भीती असते ती परीक्षक नावाला भुलण्याची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपली आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी हे नाव बनवलं होतं. प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ म्हणून झुकतं माप मिळायला नको, हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

ह्यूगोत लपायची सोयच नाही. मतदार हजारोंनी, लेखक सगळ्यांच्या ओळखीचे, आवडीनिवडी जगजाहीर. त्यामुळे निवड चोख व्हायची तर सगळा भार येतो मोजणीच्या पद्धतीवर. मला या पुरस्कारात कथा-कादंबऱ्यांइतकाच रस आहे तो त्यामुळेच.

मतदान दोन टप्प्यांत होतं. वर्षाच्या सुरुवातीला नामांकन. या वर्षीच्या आणि गेल्या वर्षीच्या वर्ल्डकॉनच्या सभासदांनी प्रत्येक गटात आपल्या आवडीची जास्तीत जास्त पाच नावं सुचवायची. समोर यादी नसते, कोरे रकाने असतात. गेल्या वर्षभरात प्रसिद्ध झालेलं काहीही लिहा. भाषेचं बंधन नाही. उलट इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या साहित्याला एक जादा संधी आहे: मुळात प्रसिद्ध झालं तेव्हा ते पात्र असतंच, आणि पुढे पहिल्यांदा इंग्रजीत अनुवाद झाला की त्या वर्षी पुन्हा पात्र होतं. म्हणजे गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकातली मराठी कथा नियमाने आजही नामांकनाला चालते. ती वाचलेले सभासद किती, हा प्रश्न अर्थातच वेगळा.

दुसऱ्या टप्प्यात, सर्वाधिक पाठिंबा मिळालेल्या सहा नावांची अंतिम यादी लागते. २०१७च्या आधी ती पाच नावांची असे. या फेरीत फक्त चालू वर्षाचे सभासद मत देतात. त्यांना बहुतेक कथा-कादंबऱ्यांच्या ई-प्रतीही वाचायला मिळतात. पन्नास डॉलरात एवढा ऐवज म्हणजे मतदान बाजूला ठेवलं तरी वर्गणी वसूल.

आधी ही दुसरी फेरी बघू, कारण ती आपल्या ओळखीची आहे. मतपत्रिकेवर एकाच नावापुढे खूण करायची नसते. १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. समजा लघुकथेच्या गटात १०० मतपत्रिका आल्या. सोयीसाठी तीनच कथा धरू. पहिल्या पसंतीची मतं 'अ' कथेला ३८, 'ब'ला ३२, 'क'ला २२. उरलेल्या ८ जणांनी पहिला क्रमांक दिलाय 'नो अवॉर्ड'ला, म्हणजे 'यातलं कुणीच रॉकेटच्या लायकीचं नाही' या पर्यायाला. तो अंतिम यादीच्या तळाशी कायम छापलेला असतो आणि इतर उमेदवारांसारखाच मोजला जातो.

साध्या निवडणुकीत 'अ' जिंकली असती. इथे तसं नाही. सर्वांत कमी मतं 'नो अवॉर्ड'ला, म्हणून तो पर्याय बाद. त्याच्या ८ मतपत्रिका पुन्हा उघडल्या. ५ जणांनी पुढे काहीच लिहिलेलं नाही, त्या मतपत्रिका संपल्या. ३ जणांची दुसरी पसंती 'क'. आता 'अ' ३८, 'ब' ३२, 'क' २५. चालू मतपत्रिका ९५, अर्ध्याहून जास्त म्हणजे ४८ लागतात, ते अजून कुणाकडेच नाहीत. मग 'क' बाद. तिच्या २५ मतपत्रिकांपैकी १७ 'ब'कडे गेल्या, ६ 'अ'कडे, २ संपल्या. 'ब' ४९, 'अ' ४४. 'ब' जिंकली.

थांबा, रॉकेट अजून हातात दिलेलं नाही. एक शेवटची चाचणी उरते. सगळ्या मतपत्रिका पुन्हा घेऊन एवढंच बघायचं, की 'ब'ला 'नो अवॉर्ड'च्या वर ठेवणारे जास्त की 'नो अवॉर्ड'ला 'ब'च्या वर ठेवणारे. दुसरे जास्त निघाले तर त्या गटात त्या वर्षी पुरस्कारच नाही. आपल्या मतदान यंत्रावर २०१३पासून 'नोटा'चं बटण आलं, पण विधानसभा-लोकसभेला ते कितीही जणांनी दाबलं तरी उरलेल्यांत ज्याला जास्त मतं तो आमदार-खासदार होतोच. ह्यूगोतला 'नोटा' दात असलेला आहे. १९८७ साली कादंबरीच्या गटात एक पुस्तक या 'नो अवॉर्ड'च्याही खाली, अगदी तळाला गेलं होतं.

या पद्धतीचा फायदा असा, की जे पुस्तक थोड्यांना जिवापाड आवडतं आणि बाकीच्यांना सहन होत नाही, ते सहसा जिंकत नाही. पुष्कळांच्या पहिल्या दोन-तीनांत असलेलं पुस्तक जिंकतं. आता यातून थोडी बेतास बात निवड होते का? होत असेलही. पण एकगठ्ठा मतांना या फेरीत फारसा वाव राहत नाही, हे नक्की.

वाव होता तो पहिल्या फेरीत. तिथे जुना हिशोब सरळसोट होता: ज्याचं नाव जास्त मतपत्रिकांवर, ते वर. अडचण ही, की वर्षभरात लघुकथा अक्षरशः ढिगाने येतात आणि प्रत्येकाची आवड वेगळीकडे. अंतिम यादीत यायला किमान ५ टक्के मतपत्रिकांवर नाव हवं, असा तेव्हा नियम होता. मतं इतकी विखुरली, की २०१३ साली लघुकथेच्या गटात पाचऐवजी तीनच कथा यादीत आल्या, २०१४ साली चार. हा नियम पुढे काढून टाकला गेला. पण यातून एक गोष्ट उघडी पडली होती: लोक प्रामाणिकपणे आपापल्या आवडीचं लिहितात तिथे थोडेसे लोक ठरवून एकच यादी लिहू लागले, तर सगळ्या जागा त्यांच्या.

आपल्याला हे नवीन नाही. साखर कारखाना असो की गृहनिर्माण सोसायटी, पॅनेल म्हणजे काय ते लहान मूलही सांगेल. अकरा जागा, अकरा नावं, 'पॅनेल टू पॅनेल' शिक्का मारा. अमेरिकेतल्या विज्ञानकथा वाचकांना मात्र २०१५ साली याचा दणका बसला. पुरस्कार साहसकथा सोडून राजकीय आणि शिष्ट साहित्याकडे झुकलेत, अशी तक्रार करणाऱ्या लेखकांच्या एका गटाने 'सॅड पपीज' नावाने पॅनेल उतरवलं. त्याच्याशी बरीचशी मिळतीजुळती, पण जास्त कडवी अशी 'रॅबिड पपीज' ही दुसरी यादी. नामांकनाच्या मतपत्रिका होत्या २,१२२. त्यांतल्या अल्पमताने शिस्तीत तीच तीच नावं लिहिली, आणि काही गटांत अंतिम यादीत पॅनेलबाहेरचं एकही नाव उरलं नाही.

काही लेखकांना तर आपण पॅनेलवर आहोत याचाच संकोच झाला. कादंबरी गटातल्या मार्को क्लूस यांनी नामांकन परत केलं. रिकाम्या जागी यादीत पुढची कादंबरी वर सरकली, ती चिनी लेखक लिऊ त्सुशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादातली. शेवटी तीच जिंकली. अनुवादित कादंबरीला ह्यूगो मिळण्याची ती पहिली वेळ. पाच जणांच्या यादीत आधी जागा न मिळालेलं पुस्तक पसंतीक्रमाच्या मोजणीत सगळ्यांच्या वर निघालं, यावरून पहिल्या फेरीत किती गडबड झाली होती ते कळतं.

बाकी सभासद चिडले. स्पोकेनच्या त्या वर्ल्डकॉनसाठी लोकांनी चाळीस डॉलरची सभासदत्वं भराभर घेतली आणि अंतिम मतपत्रिका आल्या ५,९५०. त्याआधीचा विक्रम होता ३,५८७चा. निकालात पाच गटांत 'नो अवॉर्ड' जिंकला: लघुकादंबरी, लघुकथा, संबंधित लेखन आणि संपादकांचे दोन्ही गट. ह्यूगोच्या तोवरच्या साऱ्या इतिहासात हा प्रकार मिळून पाचदा झाला होता, इथे एका रात्रीत पाच. संपादकांच्या गटांत काही नावं अशी होती, जी पॅनेलशिवायही यादीत शोभली असती. सुक्याबरोबर ओलंही जळलं. मला ते खटकतं, पण पॅनेलचा डाव नियमात बसत होता तसं हे उत्तरही नियमातच बसत होतं.

सभासदांच्या मतदानात गट-तट माजले की संस्थेपुढे दोन वाटा असतात. आपल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने एक धरली. संमेलनाध्यक्षाच्या निवडणुकीतली धुळवड पुरे झाली म्हणून घटना बदलली, मतदानच बंद केलं आणि २०१९च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. ह्यूगोवाल्यांनी दुसरी धरली. मतदान ठेवलं, हिशोब बदलला.

त्यांच्याकडे हे काम वार्षिक सभेत होतं, आणि एका वर्षीच्या सभेत मंजूर झालेली दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या सभेने कायम केली तरच लागू होते. रागाच्या भरात नियम बदलू नयेत यासाठी ही सोय चांगलीच आहे. नवा हिशोब २०१५ साली मंजूर झाला, २०१६ साली कॅन्सस सिटीत कायम झाला आणि २०१७च्या हेलसिंकीपासून लागू झाला. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर आणि जेमसन क्विन यांचा त्याच्या रचनेत हात आहे. नाव ठेवलं 'ई प्लुरिबस ह्यूगो', अमेरिकेच्या 'अनेकांतून एक' या लॅटिन ब्रीदवाक्यावरचा विनोद.

नाव जड आहे, हिशोब सोपा. एका गटात प्रत्येक सभासदाजवळ एक गुण. पाच नावं लिहिली तर प्रत्येकाला पाचवा हिस्सा, म्हणजे ०.२. दोनच लिहिली तर अर्धा-अर्धा. एकच लिहिलं तर त्याला पुरा एक. आता सगळ्या नावांतून सर्वांत कमी गुणांची दोन नावं समोरासमोर आणायची, आणि त्या दोघांपैकी ज्याचं नाव कमी मतपत्रिकांवर आहे ते बाद करायचं. बाद झालेल्याचा हिस्सा त्या त्या मतपत्रिकेवर उरलेल्या नावांना वाटून द्यायचा. मग पुन्हा तळाची दोन नावं. सहा उरेपर्यंत हेच.

बघा, पॅनेलचं काय होतं ते. १०० सभासदांत २० पॅनेलचे, सगळ्यांची तीच पाच नावं. त्यांच्याकडे मिळून २० गुण, म्हणजे पाचही कथांना चार-चार. बाकीच्या ८० जणांतली एखादी लोकप्रिय कथा १८ मतपत्रिकांवर आहे. जुन्या हिशोबात २० मोठे, १८ लहान, विषय संपला. नव्यात तिचे गुण सुरुवातीला पाचव्या हिश्शाने ३.६, पॅनेलच्या कथांहून थोडे कमीच. पण तिच्याबरोबर लिहिलेली इतर विखुरलेली, दोन-तीन मतांची नावं आधी गळतात. ती गळतील तसा त्यांचा वाटा तिच्याकडे येतो: ६, मग ९, पुढे आणखी. पॅनेलच्या कथांचे साथीदार मात्र गळत नाहीत, कारण पाचही तगड्या. त्या चार गुणांवरच अडकून पडतात आणि बघता बघता तळाशी येतात. तळाच्या दोन जागांवर एकाच पॅनेलच्या दोन कथा! कुणा दोघांनी पाचवं नाव लिहायचा आळस केला असेल तर ती कथा १८ वर, तिची बहीण २० वर. पहिली बाद. उरलेल्या चौघींना पाच-पाच गुण. मग पुन्हा त्यांच्यातच सामना. शुद्ध भाऊबंदकी. शेवटी विसांच्या पॅनेलला सहापैकी एखाद-दुसरी जागा मिळते, आणि शंभरात वीस लोकांना तेवढी मिळणं रास्तच आहे. कुणाचं मत रद्द केलेलं नाही, पॅनेलवर बंदी घातलेली नाही, पॅनेल कोणतं हे कुणाला ओळखायचीही गरज पडली नाही. मला या हिशोबाचं फार कौतुक वाटतं.

पण गणित मोजणाऱ्याच्या हातावर लक्ष ठेवू शकत नाही.

२०२३चं वर्ल्डकॉन चीनमधल्या चेंगडूला झालं, १८ ते २२ ऑक्टोबर. ह्यूगोच्या घटनेत एक कलम आहे: वर्ल्डकॉन संपल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळे आकडे जाहीर करायचे. बहुतेक समित्या ते समारंभाच्या रात्रीच देऊन टाकतात. चेंगडूचे आकडे आले २० जानेवारी २०२४ला, बरोबर नव्वदाव्या दिवशी. लोकांनी तक्ते उघडले आणि दिसलं, की आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबेल' कादंबरीला अंतिम यादीत यायला पुरेसं नामांकन होतं. पुढे शेरा होता, 'अपात्र'. कारण नाही. त्याच वर्षीचं नेब्युला, म्हणजे व्यावसायिक लेखक-सभासदांनी मत देऊन ठरवलेलं पारितोषिक, याच कादंबरीला मिळालेलं होतं. असाच शेरा एका नवोदित लेखकाच्या, एका दूरचित्रवाणी मालिकेच्या भागाच्या आणि एका हौशी समीक्षकाच्या नावापुढे. काही गटांत आकड्यांची उतरंडही विचित्र. वरच्या काही नावांना भरघोस मतं, मग एकदम सह्याद्रीसारखा कडा आणि खाली दरी. खरे विखुरलेले आकडे असे पडत नाहीत, ते उतारासारखे हळूहळू उतरतात.

फेब्रुवारीत समितीतल्या लोकांचे ईमेल बाहेर आले. पुरस्काराचं काम बघणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींनीच नामांकितांच्या लेखनाची आणि समाजमाध्यमांची छाननी करून, चीनमध्ये कुणाकुणाची अडचण होऊ शकेल याची टिपणं काढली होती. एकाच्या नावापुढे तिबेटला गेल्याची नोंद होती. तो गृहस्थ गेला होता नेपाळला.

इथे मतदारांनी काहीच चुकवलेलं नव्हतं आणि हिशोबाची पद्धतही चोख होती. पात्र-अपात्र ठरवायचं, मतं मोजायची आणि आकडे छापायचे, हे सगळं त्या एका वर्षापुरत्या एका समितीच्या हातात, आणि वर अपील ऐकायला कुणी नाही. फिरत्या संमेलनाची हीच उणी बाजू. तरीही प्रकार उघडकीला आला तो त्या नव्वद दिवसांच्या कलमामुळेच. तक्ते छापायची सक्ती नसती तर 'बेबेल' यादीत का नाही, यावर चार दिवस चर्चा झाली असती आणि विषय मिटला असता.

पुढच्या वर्षी ग्लासगोची समिती ताकही फुंकून पीत होती. अंतिम फेरीत ३,८१३ मतपत्रिका आल्या. २२ जुलै २०२४ला, म्हणजे समारंभाच्या आधीच, समितीने जाहीर केलं की त्यांतल्या ३७७ बाद केल्या आहेत. सभासदांच्या नोंदीत एका ओळीने अशी आडनावं आली होती, ज्यांत फक्त पहिलं अक्षर बदलत होतं, तेही वर्णानुक्रमाने. आणखी एका रांगेतली नावं म्हणजे लागोपाठच्या आकड्यांची भाषांतरं. आपल्याकडे म्हणायचं तर एककर, दोनकर, तीनकर. कुणीतरी इतरांच्या नावाने सभासदत्वं घ्यायला लावून, सांगितल्याप्रमाणे मत दिलं की वर्गणीचे पैसे परत करत होतं, असंही समितीच्या कानावर आलं होतं. ही सगळी मतं एकाच नामांकिताच्या पारड्यात होती. त्या व्यक्तीला याची काही कल्पना असल्याचा पुरावा नाही, म्हणून समितीने नाव सांगितलं नाही आणि तिला यादीतूनही काढलं नाही. ती मतं वगळल्यावर तो गट दुसऱ्या कुणी जिंकला.

त्या वर्षीचे तक्ते रात्रीच जाहीर झाले. हे तक्ते वाचायला शिकण्यासारखे आहेत. विजेता आपल्याला माहीतच असतो, तेव्हा वरून सुरुवात करायची नाही. नामांकनाच्या पानावर आधी सातवी ओळ बघायची, म्हणजे थोडक्यात हुकलं ते कोण हे कळतं. मग बाद होण्याचा क्रम: तळाशी कोण कुणासमोर आलं, आणि एक बाद झाल्यावर कुणाचे गुण एकदम फुगले. फुगले नाहीत तर समजायचं की त्या पुस्तकाचे वाचक त्याच एका पुस्तकाचे आहेत. शेवटी अपात्रांची यादी. चेंगडूनंतर सगळे आधी तिथेच जातात, आणि शेऱ्यापुढे कारण लिहिलंय ना, ते बघतात.